आर्लबर्गच्या साखळ्या

म्युनिकला पोचल्यावर माणसं आधी काय बघतात कोण जाणे. आमच्या ह्यांनी भाचीच्या गाडीची डिकी बघितली. सगळी नोकरी एस.टी.च्या वर्कशॉपात गेल्यामुळे गाडी दिसली की त्यांचा पाय आपोआप टायरकडे जातो. चारी टायरना एकेक लाथ घालून झाल्यावर त्यांनी विचारलं, "स्टेपनी कुठंय?"

"नाहीये काका," केतकी म्हणाली. "हल्ली बऱ्याच गाड्यांबरोबर देत नाहीत. पंक्चर झालं तर ह्या बाटलीतलं रसायन आत सोडायचं, पंप लावायचा आणि गॅरेज गाठायचं."

"आणि टायर फाटला तर?"

"फोन करायचा."

काकांनी (ती म्हणते म्हणून मीही इथे काकाच म्हणते, 'हे' आणि 'ह्यांनी'त वाचणाऱ्याची फरफट नको) डिकीत पुन्हा डोकं घातलं. धोक्याचा त्रिकोण, प्रथमोपचाराची पेटी, अंगात घालायची चमकती पिवळी जाकिटं आणि स्टेपनीच्या जागी एक जड लाल पिशवी. पिशवीत साखळ्या. "म्हणजे पंक्चर काढता येणार नाही," ते म्हणाले, "पण जखमी झालो, थांबलो किंवा अटक झाली, तर सगळी सोय आहे."

जानेवारीचे दिवस होते. आम्हाला झुरिकला माझ्या आतेभावाकडे, म्हणजे दादाकडे, जायचं होतं, आणि केतकीने रेल्वेची तिकिटं न काढता गाडी काढायचं ठरवलं होतं. आदल्या रात्री तिने आम्हाला इमारतीखालच्या पार्किंगमध्ये नेऊन टायर दाखवला. मी आयुष्यात टायर इतका वेळ कधी पाहिला नव्हता. त्याच्या अंगावर त्याची पत्रिकाच लिहिलेली असते. रुंदी 205 मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या 55 टक्के, आतली रिम 16 इंची. पुढे 91 हा आकडा, म्हणजे एका टायरने 615 किलो वजन झेलावं. त्यापुढे एच, म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंत त्याची हरकत नाही. एका कोपऱ्यात चार आकडे. पहिले दोन जन्माचा आठवडा, पुढचे दोन जन्माचं साल. काकांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांना अडवलं ते एका चित्राने. तीन शिखरांचा डोंगर आणि डोंगरात एक हिमकण.

"हे असलं तरच हिवाळी टायर," केतकी म्हणाली. "नुसतं एम अधिक एस लिहिलेलं आता चालत नाही."

हिवाळी टायर म्हणजे जास्त खोल नक्षीचा टायर, एवढीच माझी समजूत होती. खरी गंमत रबरात आहे. पारा साधारण सात अंशांच्या खाली गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक होऊ लागतं आणि रस्त्याला धरायचं सोडून देतं. हिवाळी टायरचं मऊ राहतं. शिवाय त्याच्या नक्षीच्या ठोकळ्यांवर ब्लेडने ओढाव्यात तशा बारीक चिरा असतात. त्या चिरांत बर्फ शिरून बसतो, आणि बर्फ बर्फाला चांगला धरतो. जगातला पहिला हिवाळी टायर 1934 साली फिनलंडमधल्या एका रबर कारखान्याने मालमोटारींसाठी काढला. त्याच कारखान्याचं 1967 साली ज्या उद्योगात विलीनीकरण झालं, त्या उद्योगाने पुढे आपल्याला नोकियाचे फोन दिले. पडला तरी न फुटणारा तो फोन कुठल्या खानदानातला होता, हे मला त्या पार्किंगमध्ये कळलं.

"आणि ह्या टायरांची सक्ती कधीपासून कधीपर्यंत?" मी विचारलं.

केतकीचा चेहरा जरा पडला. "तारीख नाहीये."

जर्मनीत कचरा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा ह्याला तारीख आहे, पण टायरला नाही. कायदा एवढंच म्हणतो, की रस्त्यावर बर्फ, चिखलासारखा वितळता बर्फ, गोठलेलं दव किंवा पाण्याचा काचेसारखा थर असेल, तर हिवाळी टायरशिवाय गाडी चालवायची नाही. जुलैत असं झालं तर जुलैतही नाही. जानेवारीत रस्ता कोरडा असेल तर उन्हाळी टायरवर खुशाल फिरा. आधी तर एवढंही स्पष्ट नव्हतं. 'हवामानाला साजेशी साधनं' असावीत असा मोघम शब्दप्रयोग होता. 2010 साली ओल्डनबर्गच्या न्यायालयाने हे फारच मोघम आहे असं म्हटलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा नीट लिहून काढला. मोडला तर 60 युरो दंड आणि वाहतूक खात्याच्या फ्लेन्सबुर्गच्या दप्तरात चालकाच्या नावावर एक गुण. असे आठ गुण मिळवले की परवाना जातो.

काका खूश झाले. "म्हणजे कॅलेंडर नाही, रस्ता बघायचा. आमचं वर्कशॉप असंच चालायचं."

पण सरकारने अक्कल वापरायला सांगितली की जर्मन माणूस अस्वस्थ होतो, असं माझं तिथलं निरीक्षण आहे. म्हणून लोकांनी आपल्यापुरती तारीख ठरवून टाकली आहे. ऑक्टोबर ते ईस्टर. ऑक्टोबर उजाडला की गॅरेजच्या वेळा भरतात, चारी चाकं बदलून मिळतात, आणि उतरवलेली उन्हाळी चाकं पुढे डावं, मागे उजवं अशा चिठ्ठ्या लावून गॅरेजवालेच भाडं घेऊन सहा महिने सांभाळतात. चाकं बदलल्यावर पन्नासेक किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळून घ्यायचे. केतकीने ते घेतले होते. त्याची पावती तिच्याकडे होती.

तिने काकांना दोन युरोचं नाणं दिलं. "हे नक्षीत घाला. चंदेरी कड आत बुडाली पाहिजे. ती चार मिलिमीटर असते." जर्मन कायद्याला 1.6 मिलिमीटर पुरतात, पण ऑस्ट्रियात चाराच्या खाली गेलेला हिवाळी टायर हिवाळी धरत नाहीत. शिवाय ऑस्ट्रियाला तारीखही आहे. 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल. त्या काळात रस्त्यावर हिवाळा असेल तर टायरही हिवाळी हवा. कड बुडाली. काकांनी चारी चाकांवर तपासली आणि नाणं खिशात टाकलं.

सकाळी गार्मिशपर्यंत ऊन होतं. सरहद्द कधी ओलांडली ते मोबाइलच्या 'ऑस्ट्रियात स्वागत'वरून कळलं. फर्न खिंड साफ होती. मग इम्स्ट, लांडेक, आणि पुढे आर्लबर्ग. तिथे दोन वाटा फुटतात. एक डोंगराच्या पोटातून जाणारा जवळजवळ 14 किलोमीटरचा बोगदा, 1978 सालचा, त्याला वेगळा टोल. दुसरा वरून खिंडीचा रस्ता, फुकट.

"बोगद्यातून कसले आल्प्स बघायचे?" काका म्हणाले. "बोगदे बघायला खंडाळा आहे."

केतकीने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. तेहतीस वर्षं संसार केलेली बाई अशा वेळी खिडकीबाहेरच बघते.

सांक्ट आंटोन मागे पडलं आणि बर्फ सुरू झाला. सिनेमात पडतो तसा तरंगत नाही, आडवा. थोड्या वेळात रस्ता कुठला आणि कड कुठली हे बाजूच्या उंच काठ्यांवरून ओळखावं लागायला लागलं. मग वळणावर निळी गोल पाटी आली, तिच्यावर साखळी घातलेल्या चाकाचं चित्र. ह्याचा अर्थ, टायर कितीही गुणी असोत, इथून पुढे साखळ्यांशिवाय जायचं नाही. आणि पुढेच, कुणालाही समजेल इतक्या ठळक बाणाने दाखवलेली, रस्त्याला लागून एक रुंद मोकळी जागा. खास साखळ्या घालण्यासाठी राखलेली.

केतकीने पिवळं जाकीट चढवलं, गुडघ्याखाली रबरी चटई टाकली आणि पिशवी उपसली. तिने नोव्हेंबरात पार्किंगमध्ये कोरड्या जमिनीवर सराव केला होता. पहिला प्रयोग बर्फात करू नका असं इथे सगळेच सांगतात. काका बाहेर उतरले ते थेट मागच्या चाकापाशी जाऊन उभे राहिले. "आण इकडे."

"काका, पुढे."

"जोर मागच्या चाकांना असतो."

"एस.टी.त असेल. ही पुढच्या चाकांवर चालते."

साखळ्या इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांनाच घालायच्या. दुसऱ्या चाकांना घातल्या तर ती दागिन्यांची हौस झाली. काका दोन क्षण गप्प राहिले. "ओढणारी गाडी आहे होय," असं स्वतःशीच म्हणून ते पुढे आले.

मी काच अर्धी खाली करून बघत होते. साखळीला एक वाकणारं पोलादी कडं असतं. ते चाकाच्या मागून सरकवायचं, टोकं वर आणून एकमेकांत अडकवायची, ती मागे ढकलायची, मग जाळी टायरवर पसरून बाहेरच्या बाजूने आकडा लावायचा आणि सुटी साखळी ओढून ताण द्यायचा. हे हातमोजे घालून जमत नाही आणि हातमोजे काढून बोटं जमत नाहीत. केतकी चाकामागे खांद्यापर्यंत हात घालून चाचपडत होती आणि काका वरून "जरा डावीकडे... तुझ्या नाही, माझ्या" असं करत होते.

"मनालीचा तो ड्रायव्हर आठवतो?" मी म्हटलं. सोलंगच्या अलीकडे पोलिसांनी गाड्या अडवल्या होत्या. बर्फ पडला की तिथे फोर बाय फोर किंवा साखळीवाल्याच गाड्या पुढे सोडतात. आमच्या ड्रायव्हरने तोंडातली विडी न काढता उघड्या हातांनी साखळ्या चढवल्या होत्या. केतकी चाकामागून म्हणाली, "मावशी, काच लाव."

साखळीची कल्पना जुनी आहे. मोटारवाले चिखलातून निघायला चाकांना दोर गुंडाळायचे. ते बघून न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीड ह्या गृहस्थांनी 1904 साली साखळ्यांचं पेटंट घेतलं. त्यानंतर इतकी वर्षं माणूस चंद्रावर जाऊन आला, पण साखळी चढवायला अजून बर्फात गुडघे टेकावे लागतात.

दोन्ही चाकं झाली आणि काका दिसेनात. शेजारी नेदरलँड्सची एक लांबलचक गाडी उभी होती. नवरा-बायको माहितीपत्रक उलटसुलट करून बघत होते आणि मागे मुलं रडत होती. त्या देशात डोंगर नाहीत आणि हिवाळी टायरची सक्तीही नाही, त्यामुळे हा सगळा अभ्यासक्रम त्यांना नवा असावा. नवऱ्याने मोठ्या कष्टाने मागच्या चाकाला एक साखळी बसवली होती. काका तिच्याकडे, नव्या मेकॅनिकने ब्रेकचा पंखा केलेला बघावा तसे बघत होते.

"चुकलं," ते मराठीत म्हणाले. "जोर पुढच्या चाकांना असतो."

पाच मिनिटांपूर्वी मिळालेलं ज्ञान इतक्या अधिकाराने वाटलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. त्या माणसाला मराठी कळलं नसेल, पण आवाज कळला. काकांनी मागची साखळी उतरवली, बर्फात आडवे झाले आणि पुढच्या दोन्ही चाकांना साखळ्या चढवल्या. कडं मागून सरकवताना त्यांचा हात एकदाही अडखळला नाही, हे मात्र कबूल केलं पाहिजे. मग त्यांनी नवऱ्याला खुणेने गाडी चार हात पुढे घ्यायला लावली, थांबवली आणि ताण पुन्हा आवळला. थोडं चालवून पुन्हा आवळायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. बाईंनी पैसे पुढे केले. काकांनी हात जोडले. तेव्हा बाईंनी चीजचा एक आख्खा गोल काकांच्या हातात ठेवला, तो मात्र त्यांनी घेतला.

साखळ्या घातल्यावर ताशी 50 किलोमीटरच्या वर जायचं नाही. आम्ही तिसाच्याही खाली होतो. आवाज असा, की बोलणं शक्य नव्हतं, आणि चढावर केतकीला ते बरंच वाटत असावं. पण गाडी मात्र रस्ता सोडत नव्हती. पांढऱ्या उतारावर ब्रेक लावला की ती थांबत होती. आयुष्यभर ब्रेक लावला की गाडी थांबते हे गृहीत धरलेल्या माणसाला त्याचं इतकं अप्रूप वाटावं, हे घाटात बसल्याशिवाय कळायचं नाही.

खिंडीच्या माथ्यावर, 1793 मीटरवर, सांक्ट क्रिस्टोफ लागतं. क्रिस्टोफ हा प्रवाशांचा संत. बर्फात वाट चुकून लोक मरतात हे बघून हाइन्रिश फिंडेलकिंड नावाच्या एका गुराख्याने 1386 साली तिथे आसरा बांधला. हिवाळ्यात वाटसरूंना हुडकून आणायचं, ऊब द्यायची, खायला घालायचं, ह्यासाठी त्याने उभा केलेला बंधुसंघ आजही आहे. आसऱ्याच्या जागी आता उंची हॉटेल आहे. आम्ही तिथे कॉफी प्यायलो. किंमत बघून काका म्हणाले, की वाटसरूला अडवायची पद्धत बदललेली दिसते.

पलीकडे उतरल्यावर लांगेनच्या आसपास डांबर दिसायला लागलं, आणि दिसलं की लगेच साखळ्या काढायच्या, नाहीतर त्या रस्त्यालाही खातात आणि स्वतःलाही. काढणं सोपं असतं. काढलेल्या साखळ्या मात्र ओल्या, चिखलमाखल्या, बर्फाळ असतात आणि त्या पिशवीत पुन्हा मावत नाहीत. त्या शेवटी माझ्या पायांशी, चीजशेजारी बसल्या.

झुरिकला दादाच्या घरी पोचल्यावर सगळी कथा सांगून झाली. दादा शांतपणे म्हणाला, "आमच्याकडे हिवाळी टायरची सक्तीच नाही."

केतकीने चहाचा कप खाली ठेवला. "अजिबात?"

"अजिबात. निळी पाटी दिसली तर साखळ्या घालाव्या लागतात, तेवढंच."

"मग तुम्ही उन्हाळी टायरवर फिरता?"

"छे. ऑक्टोबरातच बदलतो, सगळेच बदलतात. उन्हाळी टायरवर घसरून ठोकलं तर विमा कंपनी म्हणते, हा तुमचा निष्काळजीपणा, पैसे कापणार."

म्हणजे एका देशात तारखेशिवाय कायदा, दुसऱ्यात तारीख आणि मिलिमीटरसह कायदा, तिसऱ्यात कायदाच नाही. आणि तिन्ही ठिकाणी गाड्यांना टायर तेच. केतकीला ह्यातला तिसरा प्रकार पचला नाही. सक्ती नसताना पाळायचं म्हणजे चुकलं तर दंड कुणाकडे भरायचा, असं काहीसं तिला वाटत असावं.

काकांना तोवर बसवेना. परतीला आम्हाला सांक्ट आंटोनपर्यंत दादाने सोडावं, तिथून रेल्वेने म्युनिकला जावं, असं वहिनींनी परस्पर ठरवलं होतं; केतकीला दुसऱ्याच दिवशी ऑफिससाठी परतायचं होतं. काका दादाला घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले. टायरला लाथ मारल्याचा आवाज जिन्यातून वर आला. मग त्यांनी खिशातून दोन युरोचं नाणं काढलं. फ्रँकांच्या देशात ते कुठल्याच दुकानात चाललं नव्हतं, टायरात चाललं. चंदेरी कड बाहेर डोकावत होती.

"साडेतीन," काकांनी वर येऊन जाहीर केलं. "इथे चालेल. ऑस्ट्रियात हा हिवाळी धरत नाहीत."

"म्हणजे मला गाडी घेऊन तिकडे येता यायचं नाही," दादा म्हणाला.

हे म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते वहिनींनी नीट बघून ठेवलं. काही न बोलता त्यांनी स्वतःच्या गाडीची किल्ली टेबलावर, दादाच्या बशीशेजारी ठेवली.