आधी डिस्क पुसा, मग भंगारात काढा

विश्रामबागेतील करसल्लागार साहेब,

नमस्कार-चमत्कार नंतर. आधी तुमच्या कारभाराचं बोलू.

ऑफिसात नवे संगणक आले आणि जुने तुम्ही भंगारवाल्याला वजनावर दिलेत. त्यातली 500 जीबीची एक हार्ड डिस्क वालचंद कॉलेजच्या एका मुलानं स्वस्तात उचलली आणि ‘दादा, चालते का बघा’ म्हणत माझ्या टेबलावर ठेवली. दिसायला ती रिकामी होती. जुनी डिस्क खरोखर रिकामी आहे का, हे बघितल्याशिवाय मी ती परत देत नाही, म्हणून फोटोरेक चालवलं. पुसलेल्या फाइली परत काढणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. कोणीही चालवू शकतो.

आत काय नव्हतं? तासगावकडच्या द्राक्ष बागायतदारांची पीककर्जाची प्रकरणं, हळदीच्या व्यापाऱ्यांची जीएसटीची विवरणपत्रं, पॅनकार्डं, कॅन्सल केलेले चेक. एका आजींच्या आधार कार्डाची झेरॉक्स होती. खाली जांभळ्या शाईचा अंगठा, आणि शेजारी कोणीतरी पेनानं लिहिलेलं, ‘फक्त बँकेच्या कामासाठी’. त्या माउलीनं तुमच्यावर विश्वास ठेवला होता, साहेब. त्यावर कहर म्हणजे एक एक्सेल शीट. आयकर पोर्टलचे लोकांचे युजर आयडी आणि पासवर्ड, ओळीनं.

तुम्ही क्विक फॉरमॅट मारलंत आणि हात झटकलेत. सातबारा फाडला म्हणून रान नाहीसं होत नाही. त्या फॉरमॅटनं कुठली फाइल कुठे आहे, एवढी नोंद जाते. मजकूर तबकडीवर तसाच राहतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत.

‘माहीत नव्हतं’ ही सबब मी ऐकून घेणार नाही. एमआयटीच्या सिमसन गारफिंकल आणि अभी शेलट यांनी 158 जुन्या डिस्क विकत आणून तपासल्या होत्या. नीट पुसलेल्या निघाल्या फक्त 12. तो अभ्यास छापून आला 2003 साली. मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी वित्तसंस्थेची जुनी यंत्रं गिऱ्हाइकांच्या माहितीसकट लिलावात गेली, तेव्हा 2022 मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकानं 3.5 कोटी डॉलर दंड लावला. आपल्याकडच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही माहितीची सुरक्षा न राखणाऱ्याला 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आणि काम केवढंसं होतं? विंडोजमध्ये डिस्कपार्ट उघडून, योग्य डिस्क निवडून ‘क्लीन ऑल’ द्यायचं. त्या अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहिली जातात. 500 जीबीला दीड-दोन तास, तेही रात्री लावून घरी जाता येतं. एकदा लिहिलं की पुरतं. एसएसडी असेल तर हा उपाय भरवशाचा नाही. तिथे कंपनीच्याच सॉफ्टवेअरमधलं ‘सिक्युअर इरेज’ वापरायचं. डिस्क बंद पडली असेल तर उघडून तबकड्या फोडायच्या. यातलं काही जमत नव्हतं, तर कोणत्याही दुरुस्तीवाल्याला सांगायचं होतंत.

ही डिस्क त्या मुलासमोर मी शून्यांनी भरली आणि मगच त्याच्या हातात दिली. तुमच्या बाकीच्या डिस्क अजून बाहेर आहेत. आजच भंगारवाल्याकडे जा, मिळतील तेवढ्या परत आणा, आणि त्या एक्सेलमधल्या प्रत्येकाला फोन करून पासवर्ड बदलायला सांगा. का बदलायचा, तेही सांगा.

– विश्रामबागेतला एक संगणक दुरुस्तीवाला