प्राधिकरणातला शिकाऊ वेल्डर

घरच्या घरी वेल्डिंग शिकायचं असेल तर निगडी प्राधिकरणात शिकू नये. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली, इकडे टेल्को आली, बजाज आली, आणि आता दर दोन घरांआड लोखंड कोळून प्यायलेला एक माणूस निवृत्त होऊन गॅलरीत बसलेला असतो.

मला फक्त तुळशीच्या कुंडीला स्टँड करायचा होता. इन्व्हर्टर मशीन, अडीच एमएमचे 6013 रॉड, 11 नंबरची काळी काच, हातमोजे, सगळं आणलं. पार्किंगमध्ये अँगलला अर्थिंगचा चिमटा लावून रॉड टेकवला. चिकटला. हिसडून सोडवला, टेकवला, पुन्हा चिकटला.

"अँपिअर वाढव, नव्वदवर घे!" वरून आवाज आला.

"नव्वद? भोक पाडायचंय का? रॉड ओरबाड, टोचू नको!" समोरच्या बंगल्याने खोडून काढलं.

चाकणला कार कारखान्यात असलेला भाचा म्हणाला, "मामा, आमच्याकडे रोबो दोन पत्रे चिमटीत दाबतो, करंट सोडतो, झालं. रॉडच नाही." त्याला सगळ्यांनी गप्प बसवलं.

मग उभं आयुष्य क्वालिटीत काढलेले शेजारचे काका व्हर्निअर घेऊन उतरले. माझं वेल्डिंग कुरडईसारखं फुललं होतं. त्यांनी स्लॅग ठोकून काढला, "ब्लो होल, अंडरकट, रिजेक्ट" म्हणत खडूने फुली मारली आणि मूळ कारण शोधायला बसले.

"स्टँड वाकडा का?"

"एकाच बाजूने सलग मारलं, लोखंड आकसलं."

"सलग का?"

"आधी टॅक मारले नाहीत."

"का?"

"माहीत नव्हतं."

"का?"

"बीकॉम झालोय."

"बीकॉम का?"

इथे आईने खिडकीतून माझे दहावीचे गणिताचे मार्क सांगितले. काकांनी समाधानाने व्हर्निअर पेटीत ठेवला.

एवढ्या जाणत्यांत काळी काच मात्र एकट्या माझ्याच डोळ्यांपुढे होती. आर्कच्या अतिनील किरणांचा हिशेब काही तासांनी चुकता होतो. मध्यरात्री आळीतल्या घराघरांत दिवे लागले. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी सगळी मंडळी पापण्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडली होती. बटाट्याने गार वाटतं, एवढंच. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे रांगेत अख्खा क्वालिटी विभाग होता.

तेव्हा शिकायचंच असेल तर गुरुवार टाळा. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांना त्या दिवशी सुट्टी असते. निवृत्तांच्या जोडीला नोकरीवालेही घरी. आणि सल्ला द्यायला कुणी आलंच, तर आधी त्याच्या हातात काळी काच द्या.