वैशाखातला पौष

वांद्रे-कुर्ला संकुलात मे महिन्यात दोन ऋतू एकाच वेळी नांदतात. रस्त्यावर वैशाख, काचेच्या दाराआड पौष. अकाउंट्समधल्या ताई शाल पांघरून जीएसटीचं विवरणपत्र भरतात. शेजारी लोकलमधून घामाघूम आलेला सेल्सचा दादा ‘एसी अजून दोन कमी करा ना’ म्हणतो. कामगिरीचा तक्ता मात्र दोघांना एकच.

साहेबांना दोष देऊ नये. मुळात हे यंत्र माणसासाठी नव्हतंच. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, रंगावर रंग बसेना. म्हणून विलिस कॅरियरनं हवेतला ओलावा आवरणारी यंत्रणा आखली. सोय कागदाची झाली. आपल्या कचेऱ्यांनी ही परंपरा निष्ठेनं जपली आहे. सर्व्हर रूमला हवं तेच तापमान मिळतं. सर्व्हरला कोणी ‘जरा ॲडजस्ट करा’ म्हणत नाही.

पुढे डेन्मार्कच्या ओले फँगर यांनी माणसाचाही हिशोब मांडला: हवा, ओलावा, वारा, कपडे, अंगातली ऊब. सगळं मनासारखं जमलं तरी शंभरातले पाच जण नाराजच राहणार, हेही त्यांच्या सूत्रातच आहे. (हाउसिंग सोसायटीच्या सभेला बसणाऱ्यांना हा आकडा फारच कमी वाटेल.) पण त्या हिशोबातली अंगची ऊब चाळिशीच्या, सत्तर किलोच्या पुरुषाची धरलेली आहे, हे २०१५ साली नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी दाखवलं. म्हणजे ताईंना थंडी वाजते तो नखरा नाही, गणिताची चूक आहे.

बर्लिनमध्ये पाचशेहून अधिक जणांना वेगवेगळ्या तापमानात गणितं घातली. खोली उबदार होत गेली तशी बायकांची बरोबर उत्तरं वाढली. पुरुषांची घटली, पण त्या मानानं थोडी. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे बटण दोनदा दाबलं की फुकटात काम वाढायचं. पण फुकटच्या उपायाचं प्रेझेंटेशन कसं करणार? म्हणून एचआर ‘उत्पादकता वाढवा’ शिबिर भरवतं, तेही हॉटेलच्या आणखी गारठलेल्या हॉलमध्ये.

सरकारी नियमानं २०२० पासून खोलीत बसवायचे नवे एसी सुरू होतानाच २४ वर लागतात. केबिनमधले साहेब आधी ते १८ वर आणतात, मग ब्लेझर चढवतात.

तेव्हा यंदाच्या अप्रेझलच्या फॉर्मात ‘कामातील अडचणी’ या रकान्यात आपल्या टेबलावरचं तापमान लिहा. अंशांत, सहीनिशी.