अध्यक्ष साहेब, ‘काही विचारायचंय का?’ असं तुम्हीच म्हणालात

प्रति,
मा. अध्यक्ष साहेब,

तुमच्या शिक्षण संस्थेचं नाव लिहीत नाही. हिंगोली जिल्ह्यात कळमनुरीपासून सेनगावपर्यंत निदान चार जणांना हे पत्र आपल्यालाच आहे असं वाटणार, त्यांचा हिरमोड कशाला करा?



शिक्षकाच्या जागेसाठीच्या मुलाखतीच्या शेवटी, मोबाइलमधून मान वर न काढता, तुम्ही म्हणालात, “तुम्हाला काही विचारायचंय का, सर?” नेमणुकीआधीच मला ‘सर’ म्हणणारे तुम्ही पहिलेच. मी भारावून तोंड उघडणार, एवढ्यात तुमच्या शेजारी बसलेल्या सचिवांनी (तुमचे चिरंजीवच ते) मला खुणेनं व्हरांड्यात नेलं आणि आकडा सांगितला. माझे प्रश्न राहूनच गेले. तुमचं औदार्य वाया जाऊ नये म्हणून ते इथं मांडतोय.

आधी त्या आकड्याबद्दल. जानेवारी 2023 पासून माध्यमिकच्या शिक्षण सेवकाला महिना 18,000 रुपये मानधन आहे. त्याआधी ते 8,000 होतं, म्हणजे सरकारनं दातृत्वाची कमालच केली. शिक्षण सेवकपणाच्या तीन वर्षांचं सगळं मानधन, चहासुद्धा न पिता साठवलं, तर 6 लाख 48 हजार होतं. चिरंजीवांनी सांगितलेल्या आकड्यापुढं ही रक्कम ऐकायला फारच लाजरी वाटते. तरी ते म्हणाले, “ही देणगी आहे, इमारत निधीला.” इमारत मी पाहिली. निधी कुठं गेला असेल हे विचारणं असभ्यपणाचं होईल, म्हणून तो प्रश्न मी वगळलाय.

हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळद घेणारा व्यापारी पोत्यात हात घालतो, गाठ मोडतो, आतला रंग बघतो आणि मगच बोली लावतो. त्याला कुणी आगाऊ म्हणत नाही. साहेब, इथं पैसे मोजणारा मी आहे. गाठ मोडून बघायचा हक्क निदान मला असावा.

तर पहिली गाठ: ही जागा आहे का? म्हणजे खुर्ची आहे, खडू आहे, फळ्याचा अर्धा भागही आहे. पण पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत हे पद मंजूर आहे का? कुठल्या वर्षाच्या? पट आधार पडताळणी झालेल्या लेकरांचा मोजला, की हजेरीपटावर नुसत्या नावानं हजर असलेल्यांचा? आपल्या जिल्ह्यातली किती कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि त्यांच्याबरोबर लेकरंही जातात, हे तुम्हाला मी काय सांगू? म्हणून जोडप्रश्न: जानेवारीत वर्गात किती जण बसतात? तुमच्या मुख्याध्यापकांना (सूनबाईंना) हे नक्की माहीत असेल. पट घसरला की पद जातं, पद गेलं की मी ‘अतिरिक्त’ होतो, आणि अतिरिक्त झालेल्या माणसाची देणगी कुणी परत केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

दुसरं, माझ्याआधी या जागेवर कोण होतं आणि ते का गेले? हा प्रश्न खरं तर कुठल्याही नोकरीत, कुठल्याही शहरात विचारावा. निवृत्त झाले असतील तर अभिनंदन. कंटाळून गेले असतील तर त्यांचा पत्ता द्या, बाकीचं मी त्यांच्याकडूनच समजून घेतो. आणि ते अजून कागदावर तिथंच असतील, तर मात्र आपण दोघांनी जरा दार लावून बोलायला हवं.

अनुदानाबद्दल चिरंजीव म्हणाले, “शंभर टक्क्यांवर येणारच आहे.” कधी, ते म्हणाले नाहीत. 2001 मध्ये नव्या शाळा ‘कायम विनाअनुदानित’ ठरल्या. त्यातला ‘कायम’ पुसायला 2009 उजाडलं. वीस टक्के अनुदानाचा पहिला टप्पा 2016 मध्ये आला. पुढच्या टप्प्यांसाठी लोक अजून मुंबईच्या वाऱ्या करतात. जुलै 2025 मध्येसुद्धा भर पावसात आझाद मैदानावर शिक्षकच बसले होते. कुणी तिशीत लागला आणि पन्नाशीत टप्पे मोजत बसला, अशी माणसं तुमच्याही स्टाफरूममध्ये असतील. तेव्हा सरळ सांगा: आज टप्पा कितवा? अठरा हजारांचे वीस टक्के 3,600 होतात. यात माझ्या गावाहून शाळेपर्यंतचं पेट्रोलही बसत नाही. उरलेले ऐंशी टक्के संस्था देणार, की तेही मीच संस्थेला द्यायचे?

मग शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता. ती नसेल तर मी शिक्षक नाही, फळ्यासमोर उभा असलेला एक गृहस्थ आहे. तुम्ही म्हणालात, “प्रस्ताव पाठवलाय, हलतोय.” औंढ्याजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा उभी राहतेय, 2,600 कोटींची. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही बारीक हालचाल टिपणारी यंत्रं. ती सुरू झाली की तुमच्या प्रस्तावाची हालचाल तिथं मोजून घेऊ. शिक्षणाधिकारी कार्यालयात ती अजून कुणाला दिसलेली नाही.

ज्यावर पगार निघतो त्या शालार्थ आयडीचं तर विचारूच नका, म्हणजे मीच विचारतो. 2025 मध्ये नागपूर विभागात बनावट आयडीच्या प्रकरणात अधिकाऱ्यांना अटक झाली. त्यामुळं “आयडीचं आम्ही बघून घेऊ” हे वाक्य तुम्ही ज्या मायेनं उच्चारलंत, त्यानं माझ्या अंगावर काटा आला. तसंच तुम्ही म्हणालात, “नेमणुकीच्या तारखेचं काही नाही, 2012 च्या आधीची टाकू.” 2 मे 2012 ला शिक्षक भरतीवर बंदी आली, हे माहीत असल्याशिवाय इतकी नेमकी तारीख सुचत नाही. पण साहेब, त्या वर्षी मी अकरावीत होतो. हजेरीवर मी शिक्षक आणि बाकावर विद्यार्थी, एकाच वेळी दोन्हीकडं, हे नर्सीच्या संत नामदेवांनी केलं असतं तर चमत्कार म्हणून खपलं असतं.

एक कागदाचा प्रश्न. 1977 चा खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा आहे, 1981 ची नियमावली आहे, आणि तिच्या अनुसूची ‘ड’ मध्ये नियुक्तीपत्राचा नमुनाच छापून दिलाय. तुम्हाला फक्त नाव, पद, वेतन आणि तारीख भरायची आहे. ते पत्र मला रुजू होतानाच मिळेल का? कामावरून काढलं तर तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं, पण तिथं “मला व्हरांड्यात तोंडी नेमलं होतं” असं सांगून भागत नाही. पगार खात्यावर येणार असेल तर एटीएम कार्ड कुणाच्या कपाटात राहणार, हेही त्याच पत्रात घालता आलं तर बरं.

शिकवण्याशिवायची कामं मी विचारणार नव्हतो. पण बाहेर बसलेले एक सर सांगत होते की उन्हाळ्यात गावोगाव फिरून पोरं गोळा करायची, त्यांच्या बसपासचे पैसे आपण भरायचे आणि निवडणुकीत तुमच्या पॅनलची चिठ्ठी घरोघर पोचवायची. हे सगळं ‘सहशालेय उपक्रमां’त येतं का, एवढंच कळवा.

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर ‘मुलाखतीसह’ असा एक पर्याय तुमच्यासारख्यांनी भांडून मिळवला. चाचणीचे गुण सरकारनं बघावेत, माणूस आम्ही पारखू, असं तुमचं म्हणणं. पारख करून घ्यायला मी दोनशे गुणांची अभियोग्यता चाचणी देऊन आलो होतो. तुम्ही विचारलंत: गाव कुठलं, मामा कोण, आणि शेत किती एकर. शेताचा प्रश्न तुम्ही दोनदा विचारलात. तो विकण्याच्या अंगानं होता, हे मला व्हरांड्यात कळलं.

वरच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं लेखी, सही-शिक्क्यानिशी आणि जावक क्रमांक टाकून पाठवावीत. शिक्का सापडत नसेल तर चिरंजीवांना विचारा.

आपला,
प्रतीक्षा यादीतला एक ‘सर’

ता. क. : माझा विषय तुम्ही विचारायचा विसरलात. गणित.