काही करत नाही तो!

वेताळ टेकडीवर सकाळी सहा-साडेसहाला हमखास भेटतात ते ब्रूनोचे बाबा. त्यांचं खरं नाव सोसायटीच्या पाटीवर असेल, टेकडीवर कोणाला ठाऊक नाही. कुत्र्याचा पट्टा ते न विसरता आणतात आणि गाडीतून उतरल्या उतरल्या स्वतःच्या गळ्यात अडकवतात. ब्रूनो, म्हणजे बत्तीस किलोचा लॅब्रेडॉर, तोवर मोराच्या मागे पसार झालेला असतो.

वाटेत तो एखाद्या आजोबांच्या छातीवर पुढचे दोन पाय ठेवून उभा राहिला, की मागून, बऱ्याच मागून, आवाज येतो, ‘काही करत नाही तो!’ आजोबा काठीसकट झाडाला टेकलेले, स्वेटरवर चिखलाचे दोन पंजे. ‘तुम्ही हलू नका हो. त्याला भीतीचा वास येतो.’ म्हणजे चूक आजोबांच्या वासाची! पोटरीला दात लागलेच तर ‘नख असेल’, आणि रक्त दिसलं तर ‘सगळी इंजेक्शनं झालीत त्याची’. आता आजोबांची सुरू होणार, हे बाबांच्या गावीही नसतं.

पण हा माणूस कायद्यात कच्चा आहे असं समजू नका. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ सालच्या सूचना त्यांच्या मोबाइलमध्ये आहेत. सोसायटीला कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, मुसकं बांधायची सक्ती करता येत नाही. या जोरावर त्यांनी भर सभेत सेक्रेटरीला गप्प केलंय. त्याच सूचनांत, बाहेर नेताना कुत्रा पट्ट्याला बांधावा, असंही म्हटलंय. तिथवर त्यांचं बोट सरकत नाही. कुत्रा कायम बांधून ठेवायचा आणि फिरवायचा नाही, ही १९६०च्या कायद्यानं क्रूरता ठरते. त्यातलं ‘बांधून ठेवणं’ तेवढं त्यांनी मनाला लावून घेतलंय.

मध्यंतरी एका रविवारी समोरून जर्मन शेफर्ड आला. मोकळा. बाबांनी एका दमात बत्तीस किलो उचलून कडेवर घेतले आणि ओरडले, ‘अहो, पट्टा कुठाय? न्याय संहितेचं कलम २९१ माहितेय का? सहा महिने कैद, नाहीतर पाच हजार दंड, किंवा दोन्ही!’ ब्रूनो त्यांच्या खांद्यावरून आनंदानं शेपूट हलवत होता. जुन्या आयपीसीत हेच कलम २८९ होतं आणि दंड हजारच होता, हेही त्यांनी जाता जाता सांगून टाकलं.