नकटं तर नकटं, वर धाकटंही

नकटं असावं पण धाकटं असू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. घरात पाळायचं कुत्रं मात्र नकटंही लागतं आणि धाकटंही. दोन बेडरूमचा फ्लॅट, त्यातली एक आजींची, बाल्कनीत तुळस, कपड्यांचा स्टँड आणि बंद पडलेली सायकल. उरल्या जागेत मावेल असं कुत्रं हवं म्हटल्यावर सगळ्या कुटुंबाची बोटं मोबाइलवर एकाच फोटोशी येऊन थांबतात. खाली लिहिलेलं असतं: ‘पग, मेल, 35 दिवस, हेवी बोन, फुल पंच फेस.’ शिह त्झू असला तर मजकूर तोच, फक्त केस जास्त. ‘हेवी बोन’ म्हणजे काय हे कोणी विचारत नाही. मटणाच्या दुकानात ऐकल्यासारखं वाटतं आणि माणूस पुढे जातो. माझी गाडी मात्र ‘पंच फेस’पाशी अडते. पंच म्हणजे गावातले पाच प्रतिष्ठित नव्हेत, पंच म्हणजे बुक्का. समोरून कोणी सणसणीत बुक्का हाणावा आणि नाक कवटीत जाऊन बसावं, तसा चेहरा. हे वर्णन पोलिसांच्या पंचनाम्यात शोभलं असतं. इथे ती मालाची प्रत आहे. ‘फुल पंच’ महाग, ‘सेमी पंच’ स्वस्त. नाक दिसायला लागलं की भाव उतरतो.

याच घरात सून बघताना स्थळाच्या माहितीत ‘नाकीडोळी नीटस’ नसेल तर फोटो उलटा करून ठेवतात. नाक चाफेकळीच हवं. नातवाचं बसकं निघालं तर आजी कोमट तेलाचं बोट लावून महिनाभर ते वर ओढत बसतात, आणि हे वळण कोणाचं याची चौकशी सुनेच्या माहेरी तीन पिढ्या मागे जाते. आपली सगळी अब्रू नाकात. ते कापलं जातं, घासावं लागतं, मुठीत धरून उभं राहावं लागतं. नाकासमोर चालणारा तो सज्जन. आणि हेच कुटुंब भिशीचे सगळे पैसे ओतून असा प्राणी घरी आणतं, ज्याने नाकासमोर चालायचं ठरवलं तरी सुरुवात कुठून करावी हा प्रश्न पडेल. कारण उघड आहे. वाटोळं डोकं, कपाळाखाली मोठाले डोळे, सपाट तोंड हे तान्ह्या बाळाचं माप आहे आणि बाळ दिसलं की माणूस विरघळतो. कुत्र्याच्या तोंडावर हा मुखवटा आपोआप आलेला नाही. अठराव्या शतकातल्या युरोपीय चित्रांतला पग पाहावा, त्याला व्यवस्थित नाक आहे. पुढच्या लोकांनी निवडून निवडून, पिढीमागून पिढी, ते आत ढकललं. बुक्का एकदम मारलेला नाही, हप्त्याहप्त्याने मारलाय.

आता, कुत्र्याचं नाक ही चेहऱ्याची शोभा असती तर मीही गप्प बसलो असतो. तो त्याचा कूलर आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना जेमतेम ओल सुटते. बाकी सगळी उष्णता धापा टाकून बाहेर काढायची. लांब नाकाच्या आत ओलसर पातळ पडद्यांच्या गुंडाळ्या असतात, उन्हाळ्यात खिडकीला लावलेल्या वाळ्याच्या पडद्यांसारख्या. त्यांवरून हवा गेली की पाणी उडतं आणि रक्त निवतं. पंच फेसवाल्याचं हाड आखूड झालं, आतलं मांस मात्र तेवढंच राहिलं. वाडा पाडून वन रूम किचनमध्ये राहायला आलेल्या कुटुंबाने पितळी हंड्यांसकट सगळं सामान आत कोंबावं, तसं ते तोंड भरलेलं असतं. टाळूचा मऊ भाग लांबून श्वासनलिकेच्या तोंडावर लोंबतो. नाकपुड्या म्हणजे नखाने ओढलेल्या दोन चिरा. कुत्र्याचे 42 दात त्या चिमुकल्या जबड्यात दिवाळीतल्या लाल डब्याच्या एसटीसारखे आडवेतिडवे उभे. नाकावरच्या घडीत ओल साचून कातडी कुजते. आणि पुढे नाकच नसल्याने कुंडीतल्या निवडुंगाचा काटा आधी डोळ्यालाच लागतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38-39 अंश. 41च्या वर गेलं की जिवाशी खेळ. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात हवाच 45ला टेकते. तिथे नाक शाबूत असलेलं गावठी कुत्रंसुद्धा दुपारी नळाखालच्या ओल्या मातीत पोट रुतवून पडतं. आपण तिथे कोणाला आणतोय? तर ज्याचा कूलर काढून घेतला आहे आणि ज्याच्या कपाळावर ‘क्यूट’ लिहिलं आहे त्याला.

यावर म्हणतात, पण तो किती शांत असतो. धावत नाही, फार भुंकत नाही, फिरायला नेलं तर दोन खांब झाले की स्वतःच बसतो. बरोबर आहे. उशीने तोंड अर्धवट दाबून धरलं तर आपणही शांत बसू. याला स्वभाव म्हणायचं की धाप? लिफ्ट बंद असताना दोन मजले चढून आलेला पग जवळून पाहावा: जीभ एका बाजूला लोळलेली, कोपर बाहेर फेकलेले, आणि घशातून जुन्या सायकलच्या पंपासारखा घर्र-फुस्स आवाज. घरचे म्हणतात, बघा, हसतोय. रात्री तो घोरतो तेही कौतुकाचं. नवऱ्याच्या घोरण्यावरून त्याला हॉलमधल्या दिवाणावर पाठवतात. पगचं घोरणं रेकॉर्ड करून मावशीला पाठवतात. माणूस असं घोरला तर आपण कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेतो. इथे त्या तीनपैकी मधला अवयव विकत घेतानाच वगळलेला.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: घर लहान म्हणून कुत्रं लहान. ऐकायला बिनतोड वाटतं, कारण आपण फ्रिज असाच घेतो. पण कुत्र्याची उंची आणि त्याची नोकरी यांचा काही संबंध नाही. डॅशहुंड वीतभर उंच, पण जर्मनांनी तो बिळात शिरून दांडग्या जनावराशी झुंजायला घडवला. आता तो सोफ्यावरून दिवसातून चाळीस उड्या मारतो आणि त्या लांबलचक पाठीच्या मणक्यांतली चकती सरकते. यॉर्कशायर टेरिअरने गिरण्यांतले उंदीर मारले, जॅक रसेलने कोल्हे बिळातून हुसकले, आणि बीगल सशाच्या वासावर तासन्‌तास पळण्यासाठी जन्मलेला. त्याला सातव्या मजल्यावर कोंडलं की तो मोकळ्या घशाने सगळ्या विंगला बातमी देतो. उलट शर्यतीत वाऱ्यासारखा पळणारा उंचापुरा ग्रेहाउंड घरात आला की दिवसभर गादी सोडत नाही. कार्पेट एरियावरून कुत्रं ठरवायचंच असेल तर आधी हे सांगा, पहाटे सहाला पट्टा हातात घेऊन जिना उतरणार कोण? इथे घरात एकदम शांतता पसरते. मुलं शाळेची कारणं सांगतात, बाबांचा गुडघा दुखायला लागतो. पग का आवडतो ते या शांततेत कळतं. सहाला तोही उठायला तयार नसतो. तिसरा आक्षेप, आम्ही एसी लावू. लावा. आजी पंख्याखाली आणि पग एसीत, हे दृश्यही पाहायचं राहिलंय. वीज गेली की मात्र दोघंही एकाच टॉवेलने वारा घेणार.

आणि मग येतो तो प्रश्न, ज्याने माझं डोकं खरोखर फिरतं: पेपर आहेत का? म्हणजे वंशावळ. मुलीच्या स्थळात मोठ्या मनाने ‘जातीची अट नाही’ छापणारी, आता कुठे राहिलीय जातपात असं चहा पिताना म्हणणारी मंडळी कुत्र्याच्या तीन पिढ्या तपासून घेतात. गेटवरच्या वॉचमनने सांभाळलेलं तपकिरी गावठी पिल्लू फुकट मिळतं, त्याला बोटभर लांब नाक असतं आणि ते धाप न लागता तिन्ही जिने चढतं. त्याच्याबद्दल विचारतात, ‘पण ब्रीड कुठली?’ नाही म्हणायचं ते त्याच्या नसलेल्या जातीला. गंमत अशी की आपण सगोत्र लग्नाला घाबरतो, मामेबहीण-आतेभावावरून भांडतो, आणि कुत्र्याच्या कागदावर वडील आणि आजोबा म्हणून एकच नाव दोनदा दिसलं तर विकणारा छाती फुगवून म्हणतो, ‘लाइन ब्रीडिंग आहे साहेब.’ घरातल्या घरात लावलेल्या या लग्नांतूनच ते नाक आत गेलं आणि आत राहिलं. माणसाच्या घरात हे झालं असतं तर बोलायला तोंड उरलं नसतं. इथे त्याचंच सर्टिफिकेट मिळतं आणि ते फ्रेम करून टीव्हीच्या वर लावतात! लाज वाटण्यासारखी गोष्ट भिंतीला लावायची हिंमत फक्त शुद्ध रक्ताच्या नादातच येते.

गावठी कुत्रं लहान नसतं, पंधरा-वीस किलोंपर्यंत भरतं, हे मान्य. लहानच हवं असेल तर ज्याला आपण बिनदिक्कत पामेरियन म्हणत आलो ते पांढरं स्पिट्झ आहे. पाच-सात किलोंचं, टोकदार नाकाचं, कित्येक वर्षं आपले उन्हाळे काढलेलं. भुंकतं फार, पण निदान त्यासाठी लागणारी हवा त्याच्याकडे असते. ते हल्ली ‘आउटडेटेड’ झालं म्हणतात. तिकडे नेदरलँड्समध्ये मात्र 2019 पासून कुत्र्याच्या नाकाला मोजपट्टी लावतात. कवटीच्या लांबीच्या एक तृतीयांशाहून नाक आखूड असेल तर त्याची पैदास करता येत नाही. आपल्याकडे 2017च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. आठ साती छपन्न. वरच्या जाहिरातीतलं पिल्लू 35 दिवसांचं होतं, आणि त्या जाहिरातीवर नियमाचा नव्हे, फोन नंबरचा ठसा होता.

एवढं होऊन घरी आलेल्या पगचं पुढे काय होतं? एका मेमध्ये तो हॉलच्या फरशीवर निळा पडायला लागतो आणि त्याला टॉवेलात गुंडाळून पळवतात. डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतात: नाकपुडीच्या कडेची पाचर कापून भोक मोठं करायचं, लोंबणारी टाळू छाटायची. म्हणजे आधी नाक नसण्याचे पैसे, मग नाक करून घेण्याचे. वेळीच केलं तर बरंच बरं वाटतं त्याला. टाके निघाले की तो पहिल्यांदाच तोंड मिटून झोपतो, आणि घरचे काळजीने परत फोन करतात: डॉक्टर, हा आता घोरत का नाही?