पक्षिनिरीक्षकाची भरती-ओहोटी

पक्षिफेरी म्हणजे एखाद्या जाणत्या मार्गदर्शकाच्या मागून, शक्य तितक्या कमी आवाजात आणि शक्य तितक्या ठळक टोपीत चालणाऱ्यांचा समूह होय. मालवण परिसरात अशा फेऱ्यांना विशेष बहर येतो तो पक्षी सप्ताहात, म्हणजे मारुती चितमपल्ली यांच्या ५ नोव्हेंबर या जन्मदिवसापासून सालिम अली यांच्या १२ नोव्हेंबर या जन्मदिवसापर्यंत. राज्यात हा सप्ताह २०२० पासून साजरा होतो आणि या दिवसांपर्यंत उत्तरेकडून निघालेले किनारी पाणपक्षी कोकणात येऊन स्थिरावलेले असतात. येथील समुद्राचा २९.१२ चौरस किलोमीटर भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला खरा, पण मच्छीमारांचा त्यास कडवा विरोध राहिला असल्यामुळे ‘अभयारण्य’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी मार्गदर्शक आसपास कोण जाळे विणत बसले आहे हे पाहून घेतो.

प्रस्तुत लेखक हा या समूहातील अभ्यासास सोयीचा नमुना होय. मालवणातच जन्मल्यामुळे बांगडा ताजा की बर्फातला हे कल्ला न उचलता सांगता येते असा त्याचा दावा आहे; मात्र ज्याचे कालवण होत नाही अशा प्राण्यालाही स्वतंत्र नाव असते, ही गोष्ट त्याच्या कानावर प्रौढपणीच आली. ही उणीव भरून काढण्यासाठी त्याने प्रथम ज्ञान न मिळवता दुर्बीण मिळवली. दुर्बिणीवर ‘८ × ४२’ असे आकडे असतात, पैकी पहिला वस्तू किती पट मोठी दिसेल ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. तिसरा आकडा, म्हणजे किंमत, छापलेला नसल्यामुळे लेखकाला तो संभाषणात स्वतःच आणावा लागतो.

किनारी पक्ष्यांची ओळख पटवणे हे काम स्वाभिमानी माणसाने पत्करू नये असे आहे. आखूड चोचीचा, चार पावले धावून एकदम थबकणारा तो चिखल्या आणि शेपटीकडचा भाग सतत वरखाली हलवणारा तो तुतवार, इतके कळेपर्यंत बरे असते. परंतु विणीच्या काळातील तांबूस-काळी पिसे टाकून हे पक्षी येथे करड्या रंगात वावरतात, आणि लग्नात शालूत पाहिलेली पाहुणी चार दिवसांनी एसटीच्या थांब्यावर साध्या साडीत दिसावी तशी ओळखणाऱ्याची पंचाईत करतात. अशा प्रसंगी लेखक ज्या उपायाचा आश्रय घेतो त्यास ‘जाणती मान’ म्हणता येईल. मार्गदर्शकाने नाव उच्चारल्यानंतर अर्ध्या क्षणाने, पण इतरांनी ते वहीत टिपण्यापूर्वी, मान सावकाश खाली आणावयाची असते. ज्याला पूर्वी सरसकट ‘लेसर सँड प्लोव्हर’ म्हणत त्या चिखल्याच्या अलीकडे सैबेरियन आणि तिबेटी अशा दोन जाती मानल्या जातात, ही माहिती लेखकाने न विचारता पुरवली, तेव्हा मार्गदर्शकाच्या चेहऱ्यावर दिसलेला भाव कौतुकाचाच होता, असे लेखकाचे मत आजही आहे.

येथे भरतीविषयी थोडे विषयांतर करणे आवश्यक आहे. निदान लेखकाला ते आवरत नाही, कारण या एका विषयात त्याला मानेचा आधार घ्यावा लागत नाही. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना ठोकताळा असा, की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता भरती पूर्ण होण्याची अदमासे वेळ मिळते: अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि पौर्णिमा व अमावास्या या दोन्ही पंधरा धरल्या असता सव्वाअकरा. भरती रोज पाऊण तासाहून किंचित अधिक पुढे सरकते, पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पाणी सर्वांत जास्त चढते-उतरते त्यास उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या आसपासच्या मंद हालचालीस भांग. किनारी पक्ष्यांचा सारा दिनक्रम या गणितावर चालतो, कारण त्यांचे अन्न असलेले किडे, शिंपले आणि बारके खेकडे ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलातच मिळतात. भरतीत ते उंचवट्यावर दाटीवाटीने, बहुधा एका पायावर, विसावतात. पाहणाऱ्यास उत्तम वेळ म्हणजे चढत्या पाण्याची, जेव्हा चरणारे थवे हळूहळू किनाऱ्याकडे ढकलले जातात. पक्षिफेरी मात्र रविवारी सकाळी सात वाजता असते. रविवारी नवमी असेल तर पावणेसातला भरती पूर्ण झालेली, चिखल पाण्याखाली, पक्षी दूरच्या वाळूच्या पट्टीवर चोच पिसांत खुपसून झोपलेले, आणि किनाऱ्यावर तीसेक दुर्बिणी त्यांच्या पाठींवर रोखलेल्या. ओहोटी लागून पक्षी जेवायला उतरतात ती पाऊण वाजण्याची वेळ निरीक्षकांच्याही जेवणाची असल्यामुळे या दोन समाजांची गाठ पडत नाही. त्या वेळी तिसऱ्या काढायला खाडीत उतरणाऱ्या एका बाईने परतणाऱ्या समूहाला ‘काय गावला काय?’ असे विचारले, आणि यादी वाचून दाखवण्यास पुढे झालेल्या लेखकाच्या हातात पिशवी नाही हे पाहून ती आपल्या कामाला लागली.

विनोद येथे क्षणभर बाजूला ठेवावा लागतो. झोपलेला थवा छायाचित्रात शोभत नाही म्हणून टाळ्या वाजवून किंवा वाळूवर धावत जाऊन तो उडवणारे लोक फेरीत असतात, आणि देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी जेट-स्की व पॅराशूटच्या बोटी हे काम दिवसभर विनासायास करतात. गॉडविट नावाच्या पक्ष्याने २०२२ मध्ये अलास्का ते टास्मानिया हे १३,५६० किलोमीटरचे अंतर ११ दिवसांत, कोठेही न उतरता कापले. अशा प्रवासाचे सारे इंधन म्हणजे अंगावरची चरबी, आणि लांब पल्ल्याच्या काही जाती निघण्यापूर्वी वजन जवळजवळ दुप्पट करतात. मालवणच्या वाळूवरचा चिखल्या एवढ्या मजलेचा धनी नसेल, पण तिबेटच्या पठारावर परतण्यापुरती चरबी त्यालाही येथेच, दोन भरतींच्या मधल्या काही तासांत, चिखल उकरून मिळवायची असते. मूठभर वजनाच्या त्या जिवाने विनाकारण घेतलेल्या प्रत्येक भरारीत त्यातले काही खर्ची पडते, आणि ते छायाचित्रास मिळालेल्या कोणत्याही प्रशंसेने भरून निघत नाही. लेखकास याचा मनस्वी राग येतो. राग येताना तो टोपी काढतो, हे त्याच्या रागाच्या खरेपणाचे एकमेव लक्षण मानता येईल.

फेरीच्या पत्रकावर यापुढे वेळेऐवजी तिथी छापावी आणि थव्यापासून किती अंतरावर थांबायचे तेही त्यातच द्यावे, अशी लेखी सूचना लेखकाने आयोजकांकडे दिली असून तिच्याखाली आपले नाव मजकुरापेक्षा किंचित मोठ्या अक्षरात लिहिले आहे.